दहावीनंतर भिवंडीची एस. टी. धरण्यापूर्वी



गळीत हंगाम आटोपतो, गव्हाण शांत होते, कारखान्यात दुरुस्ती-देखभालीची ठोकाठोक सुरू होते, आणि मग थोड्याच दिवसांत दहावीचा निकाल लागतो. ऊसबिलाच्या चौकशीला गट ऑफिसात आलेला सभासद जाता जाता हळूच दुसरा विषय काढतो. "साहेब, पोरगं दहावी झालंय. पंचावन्न टक्के पडलेत. कारखान्यात कुठं चिकटवता येईल का बघा की." जागा नाहीत हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून पुढचे वाक्य त्याच्याजवळ तयारच असते. "नाहीतर मग भिवंडीला धाडतो. गावची चार पोरं हायेत तिथं गोडाऊनला."

भिवंडीचे नाव अलीकडे आपल्या भागात असे घरोघर ऐकू येते. म्हणून या अंकात भिवंडीबद्दलच लिहायचे ठरवले. पोरगं तिथे धाडावे की धाडू नये, हा निवाडा करायचा नाही. भाकरीसाठी माणसाने कुठेही जावे, त्यात कमीपणा नाही. पण दहावीनंतरच्या दोन-तीन वर्षांचे काय करायचे, हा जो प्रश्न आपल्या घरात आहे, त्याचे उत्तर भिवंडीकडे नीट बघितले तर बरेचसे सापडते.

कसारा घाट उतरून शहापूर, पडघा मागे पडले की मुंबई-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला पत्र्याच्या गोदामांच्या रांगा लागतात. मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ, राहनाळ, काल्हेर ही एके काळची भातशेतीची गावे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि हमरस्त्याला लागून म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल ठेवायला सुरुवात केली. २०१७ साली जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे काही गेली नाहीत. उलट घरबसल्या माल मागवायची रीत पडली, तशी ती वाढलीच. आपली पोरे तिथे माल उतरवतात, थप्प्या लावतात, खोकी बांधतात. काम बहुधा ठेकेदारामार्फत. दोन पैसे मिळतात, घरीही येतात. प्रश्न एवढाच की तीन वर्षांनी त्या पोराला काय येते? खोके उचलता येते. ते त्याला पहिल्या दिवशीही येत होते. फोर्कलिफ्ट चालवायचे रीतसर शिकलेला किंवा मालाची संगणकावर नोंद ठेवणारा पोरगा त्याच गोदामात वेगळ्या पगारावर असतो. फरक असतो तो आधी शिकून आल्याचा.

पण गोदामे ही अलीकडची. भिवंडीची खरी ओळख मागाची आहे. हातमाग इथे पूर्वीपासून होते. साधारण १९३० नंतर यंत्रमाग आले आणि पुढच्या पन्नास वर्षांत गाव मागांच्या आवाजाने भरून गेले. उत्तर प्रदेशातले विणकर आले, तेलंगणातले पद्मशाली आले, कोकणी मुसलमान आणि आगरी मंडळी मूळची होतीच. देशातल्या यंत्रमागांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात, आणि त्यात भिवंडी सर्वांत मोठी. मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, विटा ही नावे तिच्यानंतर येतात.

यंत्रमागाच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला काही क्षण काहीच सुचत नाही. खटाखटीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, कामगार खुणांनी बोलतात. हवेत कापसाची धूळ तरंगत असते. एक माणूस चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. पाळी बारा तासांची आणि पैसे मीटरवर. कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की गाठ मारायची. माग बिघडला तर मात्र जॉबरला हाक. हा जॉबर म्हणजे शेडचा वैद्य. आवाजावरून सांगतो की धोट्याला मार कमी बसतो आहे, की फणीचा ठोका मागेपुढे झाला आहे. पाना घेऊन वाकला की दहा मिनिटांत माग चालू. कुठल्याही शाळेत गेलेला नसतो. कोणातरी वडीलधाऱ्या जॉबरच्या हाताखाली पोरसवदा वयात तेलाचा डबा धरून उभा राहिला आणि बघून बघून शिकला.

असल्या कसबाचा मान ठेवलाच पाहिजे. त्याच्याच जोरावर भिवंडीने मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग विकत आणले आणि ते वर्षानुवर्षे चालवून दाखवले. मोडीतल्या लोखंडातून कापड काढणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या कसबाला एक मर्यादा आहे. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे आडवे धागे टाकतो. नव्या रॅपियर मागात धोटाच नसतो, चिमट्यासारखी पट्टी धागा पकडून पलीकडे नेते. एअरजेटमध्ये हवेच्या झोताने धागा फेकला जातो आणि मिनिटाला सहाशेच्या पुढे धागे पडतात. अशा मागाचा ताण, वेग, थांबणे-सुटणे सगळे विजेच्या पट्टीवरून चालते. बिघाड झाला की पडद्यावर एक आकडा उमटतो. त्या आकड्याचा अर्थ पुस्तिकेत, आणि पुस्तिका इंग्रजीत. तीस वर्षे कानाने माग दुरुस्त करणारा जॉबर तिथे हात बांधून उभा राहतो. मग कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. हा कंपनीचा माणूस काही फार हुशार असतो असे नाही. त्याला नकाशा वाचता येतो, मीटर लावून विजेचा प्रवाह तपासता येतो, शंभरावा हिस्सा मिलिमीटर मोजता येतो, आणि हे त्याला कोणीतरी बसवून शिकवलेले असते.

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. शाळा एखादे यंत्र शिकवत नाही. यंत्र तर दहा वर्षांत बदलते. शाळा शिकवते ते मोजमाप, आरेखन, वीज, धातूचे गुण आणि कामातली सुरक्षितता. एवढे असले की माणूस एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकतो. जॉबरला आपले कसब शेडच्या बाहेर नेता येत नाही. त्याच्याजवळ नुसते कसब आहे, दाखवायला कागद नाही, आणि नवे यंत्र समजून घ्यायला पाया नाही.

आता दुसऱ्या एका गावाकडे वळू. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कसा मोडला आणि कामगारांचे काय झाले, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. गिरण्या बंद पडल्या पण लोकांना कापड तर हवेच होते. ते काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे आणि इतर यंत्रमागांच्या गावांकडे वळले. भिवंडीत काम मावेना. त्याच १९८२ साली इचलकरंजीच्या मंडळींनी काय केले? वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी संस्था काढली. दत्ताजीराव कदम यांच्या नावाची ती संस्था आज डी. के. टी. ई. म्हणून देशभर माहीत आहे. पदविकाही आहे, पदवीही आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने. म्हणजे गाव मागाचेच. पण तिथे सहकारी सूतगिरणी होती, पंचगंगा साखर कारखाना होता, लोकांना एकत्र बसून संस्था काढायची सवय होती. भिवंडीत माग पुष्कळ, पण मालक लहान लहान. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मालकाला मिळते ती विणाईची मजुरी. कामगार परगावचा, सणाला गावी जाणारा. अशा ठिकाणी शाळा काढायची कोणी आणि कोणासाठी? भिवंडीला शिक्षणाची आवड नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. रईस हायस्कूलसारखी जुनी शाळा तिथे आहे, बी. एन. एन. महाविद्यालय आहे, शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहे. मुंबईत माटुंग्याला १८८७ साली स्थापन झालेली व्ही. जे. टी. आय. आहे, वरळीला सासमिरा आहे, दोन्ही ठिकाणी वस्त्रोद्योगाचे शिक्षण मिळते, आणि दोन्ही भिवंडीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. तरीही मागावरच्या पोराची पावले तिकडे क्वचितच वळली. शाळा जवळ असून भागत नाही. पोराला दोन वर्षे मजुरीतून मोकळे करणारे घर लागते.

इथे आपल्या सभासदांच्या घराचा संबंध येतो. आपले घर मोठे नसेल, पण ऊसबिल येते, दुभते जनावर असते, डोक्यावर छप्पर असते. मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाला जे परवडत नाही ते आपल्यापैकी पुष्कळांना परवडते. परवडत असून पोराला गोडाऊनला धाडतो, त्याला काय म्हणावे?

बॉयलरची गोष्ट

मागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा तुटत राहतो. हे काम सायझिंगमध्ये होते. सूत खळीतून काढतात आणि वाफेने तापवलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात. वाफ आली म्हणजे बॉयलर आला. भिवंडीत सायझिंगचे बॉयलर आहेत, कापड रंगवणाऱ्या डाइंगचे आहेत.

आणि बॉयलर आपल्याकडेही आहे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आपण त्याचे अग्निप्रदीपन करतो, पूजा होते, भाषणे होतात, फोटो निघतात. त्या फोटोत कोपऱ्यात एक माणूस उभा असतो, त्याचे नाव फोटोखाली छापलेले नसते. तो बॉयलर अटेंडंट. कायद्याने त्याच्यावाचून बॉयलर चालवता येत नाही. त्यासाठी ठरावीक अनुभव घ्यावा लागतो, बाष्पके खात्यामार्फत परीक्षा होते, द्वितीय श्रेणी आणि मग प्रथम श्रेणी असे प्रमाणपत्र मिळते. पदविका किंवा पदवी असेल तर पुढे अनुभवाने बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते. हे प्रमाणपत्र हातात असलेला माणूस साखर कारखान्यात चालतो, भिवंडीच्या सायझिंगला चालतो, दूध डेअरीत चालतो, औषधांच्या कारखान्यात चालतो. वाफ सगळीकडे सारखीच. आपल्याकडचा हंगामी कामगार ऑफ-सीझनला घरी बसतो तेव्हा असा माणूस दुसरीकडे काम बघू शकतो.

तीच गोष्ट वायरमनच्या परवान्याची. तीच वेल्डरची. उसाच्या पट्ट्यात शिकलेला चांगला वेल्डर कोणत्याही बंदरावर, कोणत्याही पुलावर उभा राहू शकतो. म्हणजे पोरगं भिवंडीला गेलेच, तर खोके उचलायला जाऊ नये, बॉयलर चालवायला किंवा एअरजेटचा बोर्ड उघडायला जावे. एस. टी. तीच, तिकीटही तेच.

आयटीआय म्हणजे नापासांची शाळा नव्हे

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते. "अकरावीला नंबर लागला नाही तर आयटीआयला घालू." जणू काही आयटीआय म्हणजे पांजरपोळ. हा समज फार जुना आहे आणि फार नुकसान करणारा आहे.

केंद्र शासनाची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. आज महाराष्ट्रात शासकीय आयटीआय चारशेच्या वर आहेत, जवळजवळ प्रत्येक तालुक्याला एक. पाटीवर नावे मोठी गमतीची असतात. जोडारी म्हणजे आपला फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन. पोरगा घरी येऊन "मला संधाता मिळाला" म्हणाला तर घाबरू नका. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापास विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो. शासकीय संस्थेतली फी आपल्या एका उसाच्या खेपेपेक्षा फार जड नाही.

कापडाकडे कल असेल तर विणाईचे, सूतकताईचे, रंगाईचे आणि कापड यंत्रांच्या दुरुस्तीचे ट्रेडही राष्ट्रीय यादीत आहेत. ते मोजक्याच संस्थांत चालतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी कुठे आहेत ते बघून घ्यावे.

आता आपल्या कारखान्याच्या बाजूने बघू. मिलला फिटर लागतो, टर्नर लागतो. सहवीजनिर्मिती आल्यापासून उच्च दाबाचे बॉयलर आणि टर्बाइन आले, त्यांचे नियंत्रण संगणकाच्या पडद्यावरून चालते. तिथे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक लागतो. इथेनॉलच्या प्रकल्पाला अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट हा ट्रेड केलेला मुलगा उपयोगी पडतो. हे दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे आहेत आणि आपल्या भागातली मुले ते क्वचितच मागतात. सगळ्यांना इलेक्ट्रिशियन हवा. का, तर शेजारच्याच्या मुलाने केला म्हणून.

आयटीआय झाल्यावर एक पायरी आहे, ती बहुतेक जण चुकवतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आपला कारखाना त्यात येतो, एस. टी. महामंडळाचे डेपो येतात, वीज कंपन्या येतात. बहुधा एक वर्ष काम, त्या काळात विद्यावेतन, शेवटी राष्ट्रीय परीक्षा. "नोकरी देणार नसाल तर फुकट वर्ष कशाला घालवू?" असे पोरे म्हणतात. अरे बाबा, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तू एक इंच लोखंड घासलेस. इथे तुला चालती मिल उघडून दाखवतात. भिवंडीच्या जॉबरला जे मिळाले, म्हणजे चालत्या यंत्रावर हात, आणि जे मिळाले नाही, म्हणजे पाया आणि कागद, ही दोन्ही फक्त या एका वर्षात एकत्र येतात. जर्मनीत बहुसंख्य कारागीर असेच तयार होतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत.

आणि आयटीआय केले की शिक्षण संपले, हाही गैरसमज. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदविकेवरून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे खरी, पण प्रत्येक थांब्यावर पोराच्या हातात कमाईचे साधन असते. बारावी सायन्सच्या वाटेवर मधल्या थांब्यावर उतरलेल्याच्या हातात काय असते, ते आपण गावोगाव बघतो आहोत.

दहावीनंतर सरळ पदविका करायची तर तीन वर्षे. दहावीला पस्तीस टक्के ही किमान अट आहे, पण चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात अर्थातच चढाओढ असते. गणित-विज्ञान ज्याला झेपते त्याने हा मार्ग जरूर धरावा.

मुलींबद्दल दोन शब्द. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात आणि त्या शिवणकामापुरत्या नसतात. इलेक्ट्रॉनिक्स, आरेखक, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट, सगळीकडे असतात. संगणकाच्या पडद्यासमोर बसून बॉयलर चालवायला मनगटातला जोर लागत नाही. "पोरीला कुठं पाना धरायला लावता" असे म्हणणाऱ्या सभासदाच्या घरी पहाटे चार वाजता उसाला पाणी धरायला कोण जाते, ते मला माहीत आहे.

शाळेने काय करायचे

हे सगळे दहावीनंतर सुचून उपयोग नाही. पोराचा हात कशाला लागतो हे आठवीतच कळायला हवे. हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचा गाभा हाच होता की हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या सुमारास कार्यानुभव सुचवला. महाराष्ट्राने तो वेळापत्रकात घातलासुद्धा, पण पुष्कळ शाळांत त्याचे मेणबत्त्या आणि कागदी फुले झाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली फुले. १९८८-८९ पासून बारावीच्या पातळीवर किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. कागद चांगलेच असतात. अंमल कोण करणार?

एक ठिकाण असे आहे की जिथे अंमल झाला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शास्त्रज्ञ माणूस, मुंबईची नोकरी सोडून दुष्काळी गावात आला. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला आणि तो आठवी ते दहावीच्या शाळांत गेला. आठवड्यातून एक दिवस मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तगट बघतात, रोपे करतात. आणि ते गावातल्या लोकांच्या उपयोगाचे असते. शाळेचे बाक शाळेतच दुरुस्त होतात. तालुक्याच्या गावी जिथे टेक्निकल हायस्कूल आहे तिथेही आठवी-नववी-दहावीची मुले फिटिंग, सुतारकाम, आरेखन शिकतात. आपल्या मुलाला तो विषय मिळत असेल तर "त्यापेक्षा क्लास लाव" म्हणून अडवू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर व्ही. जे. टी. आय. मध्ये आरेखनाचे शिक्षक होते. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि आपल्या वाडवडिलांच्या शेतात लोखंडी नांगर आला. कागदावर सरळ रेघ मारता येणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

सहकारी कारखान्यांनी शिक्षणासाठी पुष्कळ केले आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच साली प्रवरानगरजवळ लोणीला, कोपरगावला, वारणानगरला, साखराळ्याला महाविद्यालये उभी राहिली. साखरेच्या पैशातून इंजिनिअर तयार झाले, याचा अभिमान आहेच. पण सगळ्यांनी इमारतीच्या वरच्या मजल्यावर लक्ष दिले आणि तळमजल्यावरचे वर्कशॉप मागे राहिले, असे मला वाटते. एका इंजिनिअरमागे दहा फिटर लागतात. ते कुठून यायचे? आपल्या कारखान्याने गावातल्या हायस्कूलच्या नववीच्या मुलांना ऑफ-सीझनमध्ये, मिल उघडलेली असताना, चार दिवस वर्कशॉपमध्ये बसवावे. खर्च चहाचा. हा विषय येत्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने मांडावा अशी माझी सूचना आहे.

आता थोडे व्यवहाराचे. जिल्ह्याच्या गावी चकचकीत पाटी लावून "सहा महिन्यांत फायर-सेफ्टी, परदेशात नोकरी" असे सांगणारे क्लास बरेच निघाले आहेत. आमच्या शिवारातल्या एका घराने असल्या ठिकाणी जनावर विकून फी भरली. प्रमाणपत्र मिळाले, त्यावर सोनेरी शिक्काही होता. नोकरीच्या ठिकाणी ते कोणी हातात धरले नाही. पैसे भरण्यापूर्वी एकच विचारा: हा अभ्यासक्रम राष्ट्रीय व्यवसाय परिषदेचा किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा मान्यताप्राप्त आहे का, आणि असेल तर संस्थेचा क्रमांक दाखवा. क्रमांक दाखवायला टाळाटाळ झाली की उठून यावे.

आयटीआय आणि पदविकेचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. नेट कॅफेवाल्याच्या हातात मोबाइल देऊन "तूच भर" म्हणू नका. ट्रेड आणि संस्थांची पसंती कोणत्या क्रमाने द्यायची, हे घरी कागदावर लिहून न्या. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून जे खरोखर करायचे आहे तेच पहिल्या ओळीत लिहावे. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांनी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र एवढे जवळ असावे. वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. बाकीचे दाखले निकालाच्या आधी, तहसील कचेरीत गर्दी नसताना, काढून ठेवावेत.